मागच्या सीटवर कोण बसणार?

शोरूममध्ये नवं कुटुंब आलं की मी आधी त्यांचे चेहरे नाही, हात बघायची. कोण कोणतं दार उघडतं ते. ज्याच्या नावावर गाडी होणार तो सरळ ड्रायव्हरच्या दाराशी जातो, आत बसून स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवतो आणि समोरच्या भिंतीकडे गंभीरपणे बघत राहतो. घरातलं वडीलधारं माणूस डावीकडचं पुढचं दार उघडतं. मागची दारं उघडतात ती पोरं, आणि तीसुद्धा आपटून बघायला. ज्या बायकांना पुढची कित्येक वर्षं त्या मागच्या सीटवर काढायची असतात, त्या तेवढा वेळ सोफ्यावर बसून आमच्याकडचा पाणचट चहा पीत असतात. त्यांना कुणी काही विचारलंच तर रंग विचारतात.

मी नगरच्या एका शोरूममध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली. आता अहिल्यानगर लिहायचं हे मला कळतं, पण तोंडात नगरच बसलंय, त्याला इलाज नाही. टेलिफोनच्या टेबलावर सुरुवात केली आणि सेल्सची मुख्य म्हणून घरी आले. मधे मालक बदलले, मॉडेलं बदलली, गिऱ्हाईक बदललं. अजूनही लग्नात, दहाव्याला, भाजी घेताना लोक गाठतात आणि विचारतात, "मॅडम, कोणती गाडी घेऊ?" कोणत्या कंपनीची गाडी चांगली हे मी तेव्हाही सांगत नव्हते आणि इथंही लिहिणार नाही. मी उलट विचारायची, मागच्या सीटवर कोण बसणार? लोकांना वाटायचं बाई टाळतेय. पण ह्या एका प्रश्नावर मी बरीच वर्षं भाकरी खाल्ली आहे, त्यामुळे त्याबद्दलच लिहिते.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. कुटुंबाच्या गाड्या साधारण तीन ठेवणींच्या असतात. हॅचबॅक म्हणजे छोटी, मागचं दार काचेसकट वर उघडतं, सामान आणि माणसं एकाच खोलीत. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर आलेली. ही बुटकी असते, हिच्यात आपण बसत नाही, खाली उतरतो. आणि एसयूव्ही, म्हणजे आपल्याकडे सगळ्यांना हवी असते ती उंच गाडी, हिच्यात चढावं लागतं. उंच गाडीत कधी कधी तिसरी रांगही असते. चाकं नेमकी त्या रांगेच्या खाली येतात, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिथल्या माणसाच्या मणक्याला आधी कळतो. ती रांग बहुतेक घरांत नावडत्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली मी पाहिली आहे.

पुढच्या सीट सगळ्याच गाड्यांत बऱ्या असतात, कारण गाडी बनवणारेही पुढेच बसतात. खरी परीक्षा मागे. सीटची लांबी कमी असली की मांड्या अधांतरी राहतात आणि तासाभरात पाय भरून येतात. मधे जमिनीला उंचवटा असला की मधल्या माणसाला गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. दाराचा उंबरठा उंच असला की नऊवारी असो की पाचवारी, निऱ्या सावरत चढायला एक हात कमी पडतो. आणि आजकाल गाडी रुबाबदार दिसावी म्हणून काचेची कड मागे मागे वर चढवत नेतात. ठेंगण्या बाईला त्यातून रस्ता दिसतच नाही, नुसतं दार दिसतं. तासन्‌तास दाराकडे बघत प्रवास करायचा म्हटलं तर पोटात ढवळणारच.

म्हणून मी एक पद्धत पाडली होती. गाडी घेणाऱ्याला मी ट्रायलच्या वेळी आधी मागे, तेही मधल्या जागेवर बसवायची आणि खड्ड्यांच्या रस्त्याने फिरवून आणायची. आमच्या मॅनेजरला हे बिलकूल पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईकाला स्टेअरिंग द्या, सनरूफ उघडून दाखवा, संपला विषय. वैशाखात नगरच्या उन्हात गाडीचं छप्पर उघडून कोण फिरणार आहे, हे त्याला मी कितीदा विचारलं. पण सनरूफ विकलं जायचं, हे कबूल करायला हवं. वरातीत पोरांना त्यातून उभं राहता येतं म्हणे.

पारनेरकडचे एक फेटेवाले गृहस्थ आठवतात. मुलाला मागे उतरत्या छपराची गाडी हवी होती, फोटोत फार देखणी दिसते ती. मी म्हाताऱ्यांना मागे बसवलं. फेटा छपराला टेकला आणि नाकावर आला. तो वर सरकवत ते म्हणाले, "मॅडम, गाडी झ्याक हाय. फकस्त डोकं घरी ठिवून यावं लागंल." सगळे हसले आणि गाडी तीच घेतली. पुढे एका लग्नात ते भेटले. गाडीतून उतरले तेव्हा फेटा मांडीवर होता, उभ्या उभ्या नीट बांधून घेतला आणि मग मांडवात शिरले. मला आजही वाटतं, तेव्हा मी थोडं जास्त भांडायला हवं होतं.

ह्याच्या उलट हिवरे बाजारची एक बाई. घरचा दुधाचा धंदा, सोबत नवरा आणि सासू. नवरा डिकीत दुधाचे किती कॅन बसतील ते बघत होता. बाईने सासूला मागे एका खिडकीशी बसवलं, नवऱ्याला दुसऱ्या खिडकीशी बोलावलं, स्वतः मधे बसली आणि मला म्हणाली, "मी हितं बसनार हाय. माजं पाय कुटं ठिवू ते दावा." ग्रामसभेत उभं राहून बोलायची सवय असलेल्या गावची बाई, तिला कशाचा संकोच? मधला उंचवटा नसलेली गाडी मिळेपर्यंत तिने नवऱ्याला हलू दिलं नाही. असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

आणि एकदा असंही झालं की माझा तो प्रश्न मला विचारावाच लागला नाही. गिऱ्हाईकच तो घेऊन आलं. दत्तात्रय नावाचा माणूस, सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत सुपरवायझर, गाव तिथंच जवळ. सोबत त्याचे वडील, आण्णा, आणि बायको रंजना. बाप-लेक उंच गाडीजवळ गेले. दत्तात्रय आत बसला, आण्णांनी डावीकडचं पुढचं दार उघडलं. रंजना बाहेरच उभी राहिली, पदराने नाक धरून. नव्या गाडीचा वास तिला सहन होत नव्हता.

मी तोंड उघडायच्या आत दत्तात्रय म्हणाला, "मॅडम, मायलेज बियलेज ऱ्हाऊ द्या. कोनत्या गाडीत मागं बसल्यावर हिला लागनार न्हाई, तेवढं सांगा. ती गाडी मी घेतो."

गाडी लागणं हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. घाट आला की कुणीतरी पिशवी पुढे करतं, लिंबू हुंगायला देतात आणि सगळे हसतात. रंजनाचं प्रकरण मात्र हसण्यातलं नव्हतं. तिचं माहेर नेवाशाच्या जवळचं. तिकडे तिच्या आईचं निम्मं अंग अर्धांगाने गेलेलं. सुप्याकडून नगर, नगरहून घाट चढून नेवासा, म्हणजे चांगला लांबचा पल्ला.

"म्हागल्या टायमाला गेले तं पोचूस्तोवर माझ्यात काय उरलंच न्हाई," रंजना सांगत होती. "डाक्टरनी मलाच सलाइन लावलं. हिकडं खाटंवर मी, तिकडं खाटंवर आई. ती नुसती माझ्याकडं बघून रडत हुती. भावाला म्हनली, हिला परत आनू नको."

"आणि गोळ्या?"

"गोळी खाल्ली की दिसभर झोप. मंग आईपाशी नुसतं झोपायाच जायाचं का? मोटरसायकलवर लागत न्हाई, पन त्या हायवेनं ट्रकांमधनं कोन जातंय? व्हिडिओ कॉल लावते, तं ती फोनकडं बघतच न्हाई." हे सांगताना ती रडली नाही. पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घड्या घालत होती, त्या परत पर्समध्ये ठेवल्या.

दत्तात्रय हळूच म्हणाला, "दिवस लई न्हाईत त्यांचे, डाक्टर म्हनतोय."

खरं सांगते, मला आत कुठंतरी आनंदच झाला. आईच्या आजाराचा नाही, तर इतक्या वर्षांत एखादा पुरुष पहिल्यांदा मागच्या सीटसाठी गाडी घ्यायला आला होता त्याचा. मी म्हटलं, आता दाखवते तुम्हाला माझी विद्या. ठरवलं की शोरूमभोवती चकरा मारायच्या नाहीत. नेवाशाला जाताना जो इमामपूरचा घाट लागतो, तिथपर्यंत रंजनाला मागे बसवून न्यायचं आणि शेजारी मी बसायचं. एकदा उलटी झाली की त्या दिवशी दुसरी गाडी बघणं शक्य नव्हतं, म्हणून दत्तात्रयच्या प्रत्येक सुट्टीला एक गाडी.

पहिली उंच गाडी, कारण दत्तात्रयचं मन तिच्यावर बसलं होतं. उंच गाडी वळणावर डोलते. पुढच्या माणसाला वळण दिसत असतं, तो आधीच अंग सावरून घेतो. मागच्याला डोलणं तेवढं मिळतं. घाटाअलीकडचं शेंडी गाव यायच्या आत रंजनाने माझा हात घट्ट धरला आणि मी दत्तात्रयला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. गाडी स्वच्छ करून आणल्यावर मॅनेजर माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

दुसऱ्या खेपेला सेडान. ही जमिनीला धरून चालते, डोलत नाही. घाटाच्या पायथ्यापर्यंत रंजना छान बोलत होती. शाळेतलं सांगत होती, आईच्या हातच्या शेंगोळ्यांचं सांगत होती. मला वाटलं जमलं. पण सीट खोल, काच वर, आणि वळणं सुरू झाल्यावर तिला समोरच्या सीटच्या पाठीशिवाय काही दिसेना. दुसऱ्या वळणाला बोलणं थांबलं.

तिसरी गाडी छोटी, पण उभट. डोक्यावर भरपूर जागा, काचा मोठ्या आणि खाली उतरलेल्या. खुर्चीवर बसावं तसं हिच्यात सरळ बसता येतं. घाट चढून वर पोचलो तरी रंजना ठीक होती. दत्तात्रयने मागे वळून विचारलं, "काय गं?" ती हसली. परतीला उतार लागला आणि अर्ध्यात खेळ संपला.

रंजना रस्त्याकडेच्या दगडावर डोकं धरून बसली. मी बाटलीतून पाणी दिलं. एवढी वर्षं मागच्या सीटवर प्रवचनं देणारी मी, माझ्याकडे चौथी गाडी नव्हती. रंजना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. आईनं बी सांगितलंयच, येऊ नको म्हनून." ते तिचं "ऱ्हाऊ द्या" ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. मग जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते तेव्हा सुचलं. मी दत्तात्रयला म्हटलं, "ह्यांना पुढं बसवून बघू या."

दत्तात्रय आण्णांकडे बघायला लागला. रंजनाच घाईने म्हणाली, "नगं नगं. पुढं मामा बसत्यात." मामा म्हणजे आण्णा, तिचे सासरे.

ह्यात माझ्या वाचकांना नवल वाटायचं कारण नाही. पुढची सीट ही आपल्याकडे सीट नसते, तो मान असतो. घरातला थोरला पुरुष तिथं बसतो. तो नसला तर चुलता, चुलता नसला तर जावई. बाई तिथं बसली आणि सासरा मागे, असं गावातून जाताना चार लोकांनी पाहिलं तर त्याची चर्चा पारावर होते. म्हणून तर आम्ही तीनही खेपांना एका गाडी लागणाऱ्या बाईसाठी मागची सीट शोधत फिरत होतो आणि ह्या सगळ्यात कुणालाच वेडेपणा वाटला नव्हता. आण्णा तिन्ही वेळा पुढे बसले होते, डोक्यावरचं हँडल धरून, नजर रस्त्यावर. चकार शब्द बोलायचे नाहीत की मागे वळून बघायचे नाहीत. मला त्यांचा रागच आला होता. सून मागे तळमळतेय आणि म्हातारा राजासारखा बसलाय!

आण्णांनी टोपी सारखी केली आणि मागचं दार उघडून रंजनाच्या जागी जाऊन बसले. रंजना बावरली, पण बसली पुढे. उरलेला घाट उतरला, सपाटी लागली. तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तिने काच खाली केली, बाहेर बघायला लागली. मी खुशीत आण्णांकडे वळले. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम. त्यांनी दत्तात्रयच्या खांद्यावर हात मारला, "थांबव. थांबव लवकर."

आता तेच रस्त्याकडेला वाकले होते आणि सून त्यांची पाठ चोळत होती.

पुढे चहाच्या टपरीवर बसलो. आण्णांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मला आदीपास्नंच लागती."

दत्तात्रयचा चहा हातातच राहिला. "काय सांगता आण्णा? कधी बोलला न्हाईत!"

"काय बोलायचं? बाप्या मानसाला गाडी लागती म्हनून गावात सांगायचं व्हय? पुढं बसलं की लागत न्हाई. रस्त्यावरची नजर हालवायची न्हाई, बोलायचं न्हाई. तुज्या आईला ठावं हुतं. कुटं निघालो की तीच म्हनायची, ह्यांना पुढं बसू द्या, थोरले हायेत. लोकांना वाटायचं काय धाक हाय म्हाताऱ्याचा."

रंजनाला हसू आवरेना. पदर तोंडावर धरून ती इतकी हसली की टपरीवाला वळून बघायला लागला. मग आण्णाही हसले. मला मात्र माझाच राग आला. आपण ज्याला तोरेबाज समजत होतो, तो बिचारा जीव मुठीत धरून बसला होता.

आण्णा म्हणाले, "आता आसं करू. ही पुढं बसंल. मी घरी ऱ्हातो."

पण त्याने काम निम्मंच होत होतं. दत्तात्रयला आठवड्याला एक सुट्टी, तीही शिफ्टच्या मेहेरबानीवर. रंजनाला आईजवळ जायचं होतं ते चार घास भरवायला, वेणी घालायला, आठवड्यातून एखादी धावती भेट द्यायला नव्हे. भाड्याचा ड्रायव्हर केला तर सुनेला त्याच्या शेजारी पुढे बसवायला आण्णा तयार नव्हते, आणि मागे ती बसू शकत नव्हती. आम्ही चहा पीत ह्याच गाठी सोडवत बसलो. तेवढ्यात आण्णांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी तं रोज मागं बसून फिरताय. तुमाला न्हाई लागत?"

"लागायची की," मी म्हटलं. "लहानपणी एसटीत मला खिडकीशिवाय बसवत नसत. नोकरीत गाडी शिकावी लागली. गाडी चालवणाऱ्याला कधी लागत नाही, आण्णा. पुढचं वळण त्यालाच घ्यायचं असतं ना. चालवायला लागले तशी माझी हळूहळू मागे बसूनही बंद झाली."

आण्णांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. मग दत्तात्रयला म्हणाले, "हिला शिकव."

"कोनाला? रंजीला?"

"मंग काय मला? ही चालवंल, मी पुढं बसंन. दोगांचं बी भागलं."

"आन लोक काय म्हनतील?"

"लोक कुटं आपल्या गाडीत बसनारेत?" आण्णा म्हणाले. "आन मी हाय ना संगं."

गाडी तीच छोटी, उभट घेतली. दत्तात्रयने उंच गाडीच्या बोनेटवरून एकदा हात फिरवला आणि सोडून दिलं. नव्या शिकणाऱ्याला चारी बाजू दिसायला हव्यात आणि मोठ्या काचांची ती गाडी त्याला उत्तम होती. डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं झालं. कुंकवाचं बोट बोनेटवर रंजनाने लावलं. किल्लीचा फोटो काढताना दत्तात्रयने सवयीने हात पुढे केला, तर आण्णांनी किल्ली त्याच्या हातातून घेऊन सुनेच्या हातात दिली.

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. सुप्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. क्लच सुटताना गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे. ती घाबरून गाडी सोडून उतरायला निघायची. आण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून लांबूनच हात करायचे, आत बस म्हणून. मधेच आईला पुन्हा दवाखान्यात ठेवलं आणि रंजनाचा रडत फोन आला, "मॅडम, माजं लायसन यायच्या आत ती गेली तर?" मी म्हटलं, रोज चालव, एक दिवस सोडू नको.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा मी बाहेर उभी होते. ड्रायव्हरच्या दारातून रंजना उतरली, डावीकडून आण्णा. मागून दत्तात्रय उतरला, पाठ चोळत. त्याला मुद्दाम विचारलं, "काय, कशी आहे मागची सीट?" तर म्हणाला, "मॅडम, मांडीला जरा कमी पडतीया." मला गहिवरून आलं म्हटलं तरी चालेल. इतक्या वर्षांत स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटबद्दल कोणा पुरुषाने केलेली ही पहिली तक्रार.

रंजना घाट चढून नेवाशाला जात होती. पहिल्याच दिवशी घाटात मागे ट्रक लागला, हॉर्नवर हॉर्न. ती गाडी कडेला घ्यायला लागली. "मामा म्हनले, वाजवू दे त्याला. रस्ता काय त्येच्या बापाचा न्हाई. मंग मी माज्या मापानं गेले." सकाळी तिची पोरं शाळेत गेली की ती आणि आण्णा निघायचे. तिथं आईला आंघोळ, जेवण, वेणी. आण्णा ओट्यावर बसून तिच्या भावाशी कांद्याच्या भावाचं बोलायचे. ऊन उतरायला लागलं की परत. एकदाही लागली नाही, दोघांनाही.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला ती आली तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. मी विचारलं, "आई कशा आहेत?"

"गेली," रंजना म्हणाली. "झालं की आता पंधरा-वीस दिवस."

मी तिला आत नेऊन बसवलं. चहा तसाच पाणचट होता, ती प्यायली. मग आपणच सांगायला लागली.

"जायच्या आदल्या आठवड्यात भावाला म्हनलं, तिला गाडीत बसवू. दोन वर्सं खाटंवर हाय, भितीशिवाय काय बघितलं न्हाई तिनं. भाऊ म्हनला, उचलायची कशी? पन सीट खाटंएवढीच उंच. मागलं दार पार उघडलं आन नुसती सरकवली. मागं वहिनी बसली तिला धरून. आई एका अंगाला कलून बसती, तरी बी काच खाली हाय ना, तिला समदं दिसत हुतं. बाजाराच्या रस्त्यानं नेली. शाळंवरनं नेली. नदीच्या पुलावर थांबले. काय बोलली न्हाई. फकस्त बघत हुती. मी आरशात तिलाच बघत हुते."

"मग?"

"घराशी आनली. गाडी बंद केली, तं म्हनली, 'रंजे, बंद नगं करू.' येवढं एकच वाक्य, लई दिसांनी नीट बोलली. मंग फिरवली परत. त्योच बाजार, त्योच पूल. मामा पुढं गप बसलेले. तिसऱ्या चकरंला वहिनी म्हनली, आईला झोप लागलीया. मामा मला म्हनले, आता घरी न्यायची व्हय? मी न्हाई म्हनलं. इंजिन बंद केलं की जागी झाली असती ती. मंग तशीच चालवत ऱ्हायले."